घरातला माग आणि शेजाऱ्याची झोप

मालेगाव आणि भिवंडीत आपल्या समाजातील हजारो घरांची रोजी-रोटी यंत्रमागावर चालते. यातले पुष्कळसे माग घराच्या खालच्या मजल्यावर किंवा घराला लागूनच आहेत. ज्यांचे बालपण मागाच्या खटखटीत गेले त्यांना या आवाजाचे काही वाटत नाही. परंतु भिंतीपलीकडे एखादा बीमार माणूस असतो, परीक्षेचा अभ्यास करणारी मुलगी असते, फजरला उठणारे वृद्ध असतात. शेजाऱ्याला आपल्यापासून तकलीफ पोहोचू नये, ही आपल्या दीनची ताकीद आहे. म्हणून हा सवाल फक्त कायद्याचा नाही, तर हक्काचाही आहे.

कायदा काय म्हणतो?

ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० साली लागू झाले. त्यानुसार राहत्या वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. रात्र म्हणजे १० ते सकाळी ६. औद्योगिक भागात ती दिवसा ७५ आणि रात्री ७० आहे. मर्यादेपेक्षा १० डेसिबल किंवा अधिक आवाज झाल्यास शेजारी तक्रार करू शकतो आणि त्यावरून आवाज बंद करण्याचा हुकूम निघू शकतो. धोट्याच्या मागांच्या खोलीत आवाज साधारण ९५ ते १०० डेसिबल असतो.

डेसिबलचा हिशेब साध्या बेरजेचा नाही. चार मागांपैकी दोन बंद केले तर आवाज निम्मा होत नाही, फक्त ३ डेसिबल उतरतो. कानाला आवाज निम्मा वाटण्यासाठी सुमारे १० डेसिबल कमी व्हावे लागतात. म्हणून "दोन माग बंद ठेवतो" या तडजोडीने शेजाऱ्याला फारसा आराम मिळत नाही.

पहिले काम मागावर

आवाजाचे मूळ धोट्याच्या मारात आहे. मिनिटाला शंभराहून अधिक वेळा पिकर धोट्याला मारतो आणि समोरच्या पेटीत धोटा थांबवावा लागतो. मार गरजेपेक्षा जास्त ठेवला तर धोटा पेटीत जोरात आपटतो. आवाज वाढतो, पिकर व धोटा लवकर खराब होतात आणि धागाही तुटतो. जॉबरकडून मार योग्य करून घ्यावा. झिजलेले चामड्याचे किंवा रबराचे बफर बदलावेत, ढिले बोल्ट आवळावेत, दाते झिजलेली चाके बदलून तेल-ग्रीस वेळेवर द्यावे. हा खर्च सर्वांत कमी आहे आणि त्याचा फायदा कापडाच्या दर्जातही दिसतो.

दुसरे काम जमिनीवर

मागाचा हादरा फरशीतून आणि भिंतीतून शेजारी जातो. वरच्या मजल्यावर माग असेल तर तकलीफ अधिक. मागाच्या पायाखाली मागाचे वजन पाहून निवडलेले रबराचे पॅड ठेवावेत. पॅड फार कडक असेल तर निरुपयोगी, फार नरम असेल तर माग हलतो. माग, मोटार किंवा शाफ्टचा ब्रॅकेट सामाईक भिंतीवर मुळीच ठोकू नये. शिलाई मशीन आणि कॉम्प्रेसरलाही हाच कायदा लागू आहे.

तिसरे काम भिंत, दार आणि छत

येथे लोकांचा पैसा सर्वांत जास्त वाया जातो. भिंतीला स्पंज, थर्मोकोल किंवा अंड्यांचे ट्रे लावले की आवाज थांबेल, असा समज आहे. स्पंजाने खोलीतला घुमारा थोडा कमी होतो, पण भिंतीपलीकडे जाणारा आवाज अडत नाही. आवाज अडवते ते वजन. दोन्ही बाजूंनी प्लास्टर केलेली ९ इंची विटेची भिंत सुमारे ४५ ते ५० डेसिबल अडवते. पत्र्याचे छत आणि पातळ दार याच्या निम्मेही काम मोठ्या मुश्किलीने करतात.

वजनाइतकीच फट महत्त्वाची. १०० चौरस फुटांच्या भिंतीत १ चौरस फुटाचे भोक असेल, तर बाकीची भिंत कितीही जाड असो, ती भिंत २० डेसिबलपेक्षा जास्त आवाज अडवू शकत नाही. म्हणून आधी दाराखालची फट, वायरीची भोके, छत आणि भिंतीमधली मोकळी जागा बंद करावी. दार भरीव लाकडाचे व रबराची पट्टी लावलेले असावे. पत्र्याखाली रॉकवूल घालून जिप्सम बोर्डाची छत करता येते.

सावधान, हवा आणि आग

सगळे बंद केले तर मोटार तापते आणि माणूस गुदमरतो. हवेसाठी शेजाऱ्याच्या विरुद्ध बाजूला दोन-तीन वळणांची, आतून रॉकवूल लावलेली पेटी बसवावी. हवा वळते, आवाज बराचसा आत मुरतो. स्पंज आणि थर्मोकोल कारखान्यात लावूच नये. ते झपाट्याने पेटतात, त्यांचा धूर विषारी असतो आणि आपल्याकडे कापसाची उडती धूळ व वायरिंग दोन्ही असतात. बाहेर पडण्याचा रस्ताही कधी अडवू नये.

मागावर काम करणाऱ्यांचे कान

भिंत जाड केल्याने आतल्या कामगाराला काही मिळत नाही. आठ तासांच्या कामासाठी ९० डेसिबल ही मर्यादा धरली जाते आणि आपण तिच्या वर आहोत. या आवाजाने गेलेली श्रवणशक्ती परत येत नाही. सुरुवातीला बारीक, उंच आवाज ऐकू येईनासे होतात, म्हणून माणसाला ते कळतही नाही. कानात घालायचे प्लग स्वस्त आहेत. मालकाने ते स्वतः आणून द्यावेत आणि आपणही वापरावेत, तरच कामगार वापरतील.

शेवटी खरा हिशेब. आत ९५ डेसिबल आणि चांगली भिंत ४५ अडवते असे धरले, तरी शेजारी ५० उरतात. दिवसाचा नियम पाळला जातो, रात्रीचा नाही. तेव्हा राहत्या मोहल्ल्यात रात्री १० नंतर माग बंद ठेवणे हाच सरळ रस्ता आहे. ज्यांना रात्रपाळी हवीच, त्यांनी औद्योगिक वसाहतीत जागा पाहावी. शेजाऱ्याची झोप मोडून मिळवलेल्या कपड्याच्या ताग्यात बरकत कशी राहील, याचा विचार प्रत्येकाने करावा.