ग्रंथालयातला फिल्टर नेमकं काय अडवतो?

मुलांच्या हाती इंटरनेट देताना आई-वडिलांच्या पोटात गोळा येतोच. 'फिल्टर लावा, विषय संपला' असं आपल्यातही सहज बोललं जातं. पण विषय संपत नाही. अमेरिकेतल्या सार्वजनिक ग्रंथालयांचा अनुभव यासाठी पाहण्यासारखा आहे.

तिथे डिसेंबर २००० मध्ये कायदा झाला: इंटरनेटसाठी केंद्र सरकारची सवलत किंवा अनुदान घेणाऱ्या ग्रंथालयांनी अश्लील चित्रं अडवणारा फिल्टर बसवलाच पाहिजे. ग्रंथालयांची संघटना कोर्टात गेली. जून २००३ मध्ये सुप्रीम कोर्टाने ६ विरुद्ध ३ मतांनी कायदा कायम ठेवला. मोठ्या माणसाने सांगितलं की ग्रंथपाल फिल्टर काढू शकतो, कारण सांगायची गरज नाही, असं सरकारने कोर्टात मांडलं होतं. पण चारचौघांत जाऊन मागायचं कसं? तब्येतीची नाजूक माहिती हवी असलेली आपली एखादी बहीण काउंटरवर जाईल का? लाज वाटण्याचा धोका नको, असा हक्क घटना देत नाही, असं मुख्य निकालपत्रात म्हटलं आहे. आम्हाला हे पटत नाही.

आणि खरी मेख पुढे आहे. कायदा चित्रांपुरता, पण फिल्टर बनवणारी कंपनी सगळ्या साइट्सचे वर्ग पाडते. कुठला वर्ग बंद ठेवायचा हे ग्रंथालय ठरवतं. मिसुरी राज्यातल्या सेलम गावात एक बाई अमेरिकेच्या मूळ रहिवाशांच्या धर्माबद्दल वाचायला ग्रंथालयात गेली, तर पानं बंद! विक्का या छोट्या पंथाची पानंही बंद. का, तर म्हणे ती जादूटोण्याच्या वर्गात मोडतात. तक्रार करूनही प्रश्न सुटला नाही. तिने २०१२ मध्ये दावा लावला आणि २०१३ मध्ये ग्रंथालयाने तो वर्ग अडवणं बंद करायचं कोर्टात मान्य केलं.

त्यांचे पंथ आपले नाहीत, पण मसला आपलाही आहे. थोड्या लोकांच्या धर्मावर कुठलं लेबल लावायचं, हे दूर बसलेली कंपनी ठरवते. उद्या दीनविषयी वाचणाऱ्या मुलासमोर 'अतिरेकी मजकूर' अशी पाटी आली तर?

घाण अडवायलाच हवी, त्यात वाद नाही. म्हणून ग्रंथालयात किंवा मुलांच्या शाळेत फिल्टर असेल तर तीन गोष्टी विचारा: कोणते वर्ग बंद आहेत, ते कोणी ठरवले, आणि चुकून अडलेलं पान उघडून घ्यायला किती वेळ लागतो. घरच्या मोबाइलमध्ये फिल्टर असेल तर बंद वर्गांची यादी आज स्वतःच उघडून बघा.