कब्बलदुर्गचा खडक किती तापला होता?

बेळगावच्या टिळकवाडीत पाया खणला की जांभा किंवा काळा बसाल्ट लागतो. दोन्ही लाव्हाच्या घराण्यातले. रूपांतरित खडक, म्हणजे जमिनीखालच्या उष्णतेने आणि दाबाने रूप पालटलेला खडक, आणि तोही खूप तापलेला, पाहायचा तर आपल्याला राज्याच्या दक्षिण टोकाकडे जावे लागते. कर्नाटकाचा प्राचीन पाया तिरका उचलला गेला आणि झिजला. त्यामुळे जितके दक्षिणेला जाऊ, तितके एकेकाळी खोल असलेले खडक उघड्यावर दिसतात.

कनकपुराजवळचा कब्बलदुर्ग यासाठी उत्तम. 1960 मध्ये भूवैज्ञानिक सी. एस. पिचामुथु यांनी ‘नेचर’ या नियतकालिकात या जागेवर लिहिले आणि ती जगभरच्या अभ्यासकांना ठाऊक झाली.

आधी नुसत्या डोळ्यांनी पाहावे. पट्ट्यापट्ट्यांचा राखाडी खडक दिसतो, तो पट्टिताश्म. त्यात मधेच हिरवट, तेलकट झाकेचे डाग दिसतात, तो चार्नोकाइट.

मग खडकाचा 0.03 मिलिमीटर जाडीचा काप सूक्ष्मदर्शकाखाली ठेवतात. राखाडी भागात काळे अभ्रक असते आणि त्याच्या स्फटिकरचनेतच पाणी बांधलेले असते. हिरवट भागात अभ्रकाची गारेशी, म्हणजे क्वार्ट्‌झशी, अभिक्रिया होऊन ते पाणी निघून गेलेले असते. मागे उरते ऑर्थोपायरॉक्सीन, लोह आणि मॅग्नेशियमचे बिनपाण्याचे खनिज.

इथेच बहुतेकांची फसगत होते. ऑर्थोपायरॉक्सीन दिसले म्हणजे हा भाग जास्त तापला, असे वाटते. पण हातभर अंतरावरच्या दोन खडकांचे तापमान वेगळे कसे असेल? दोन्ही सारखेच तापले होते. कार्बन डायऑक्साइडने भरलेला द्रव जिथून शिरला, तिथे पाण्याचे प्रमाण घटले आणि अभ्रक टिकले नाही, असे स्पष्टीकरण दिले जाते. म्हणजे हे खनिज उष्णतेबरोबर कोरडेपणाचीही साक्ष देते, आणि ते नसलेला खडक थंडच राहिला असे म्हणता येत नाही.

आकडा हवा असेल तर गार्नेट असलेला तुकडा शोधावा. गार्नेट आणि अभ्रक लोह व मॅग्नेशियम आपसांत वाटून घेतात. तापमान वाढले की गार्नेटकडे मॅग्नेशियमचा वाटा वाढतो. फेरी आणि स्पिअर यांनी 1978 मध्ये हे प्रयोगशाळेत मोजून दाखवले. आता इलेक्ट्रॉन सूक्ष्मशोधक यंत्राने दोन्ही खनिजांचे घटक मोजायचे आणि गणित मांडायचे.

खोलीसाठी दाब लागतो. दाब वाढला की फेल्डस्पार या खनिजातले कॅल्शियम गार्नेटमध्ये जाते. दर किलोबारला सुमारे साडेतीन किलोमीटर खोली धरतात. कब्बलदुर्गसाठी उत्तर येते साधारण 700 ते 750 अंश सेल्सिअस आणि वीसेक किलोमीटर.

मोजताना गार्नेटचा गाभा घ्यावा, कड नको. खडक निवत असतानाही कडेला देवाणघेवाण चालू राहते, त्यामुळे कडेचा आकडा कमी येतो. फार तापलेल्या खडकात गाभाही थोडा बदललेला असतो. म्हणून आलेले तापमान ‘निदान एवढे तरी’ असे वाचणे मला योग्य वाटते.

ऑर्थोपायरॉक्सीनभोवती अभ्रकाची झालर दिसली तर आणखी सावध व्हावे. नंतर पाणी परत शिरल्यावर तयार झालेले हे अभ्रक असते. गार्नेटच्या गाभ्याशी त्याची जोडी लावली, तर दोन वेगळ्या काळांतली खनिजे एकाच गणितात बसतात आणि येणारा आकडा कुठल्याच काळाचा नसतो.