संघात कुरबुर सुरू झाली की…

भोकरदन तालुक्यातलं हसनाबाद असो की मुंबईचं एखादं मैदान, मुलांचा कबड्डीचा नवा संघ जमला की पहिले काही दिवस सगळे गुण्यागोविंदाने खेळतात. मग कुरबुर सुरू होते. चढाईला दर वेळी तोच का? कोपरा मीच का सांभाळायचा? पुष्कळ संघ इथेच मोडतात आणि ‘पोरांत एकी नाही’ म्हणून मोठी माणसं मोकळी होतात.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ ब्रूस टकमन यांनी तोवरचे अभ्यास तपासून १९६५मध्ये गटाच्या वाढीचे चार टप्पे मांडले. आधी माणसं जमतात, मग झगडतात, मग घडी बसते आणि त्यानंतर खरं काम होतं. म्हणजे झगडा हा बिघाड नव्हे, वाटेतला मुक्काम आहे. टकमन यांनी पाहिलेले गट मुख्यतः उपचार आणि प्रशिक्षणाचे होते, खेळाचे नव्हते. तरी खेळाडूंना हे वर्णन ओळखीचं वाटतं.

अजित वाडेकरांचंच पाहा. निवड समितीचे अध्यक्ष विजय मर्चंट यांच्या निर्णायक मतामुळे १९७१मध्ये पतौडींच्या जागी ते कर्णधार झाले. पतौडी त्या वेस्ट इंडिज दौऱ्यावर गेलेच नाहीत. संघ एकसंध राहायला ही सुरुवात काही बरी नव्हती. वाडेकरांनी मात्र कोणाकडून काय हवं हे पक्कं ठरवलं. दिलीप सरदेसाई आता संपले, असं अनेकांचं मत असताना वाडेकरांना ते संघात हवे होते. सरदेसाईंनी त्या मालिकेत ६४२ धावा केल्या. पोर्ट ऑफ स्पेनला सलीम दुरानींनी सोबर्स आणि लॉइड यांना बाद केलं, आणि भारताने वेस्ट इंडिजविरुद्ध पहिला कसोटी विजय मिळवला. त्याच वर्षी इंग्लंडमध्येही मालिका जिंकली. पुढे १९७२-७३मध्ये पतौडी वाडेकरांच्या हाताखाली खेळलेसुद्धा.

पण बसलेली घडी कायमची नसते. १९७४च्या इंग्लंड दौऱ्यात कर्णधार तोच, बरेचसे खेळाडूही तेच; तरी लॉर्ड्सवर डाव ४२ धावांत आटोपला आणि मालिका ०-३ अशी गेली. मोठा पराभव किंवा नवा खेळाडू संघाला पुन्हा झगड्याच्या टप्प्यावर नेऊ शकतो.

शाळेच्या संघात कर्णधार स्वतःच लहान असतो. तिथे खरं नेतृत्व सरांचं. अमेरिकेत स्मॉल आणि स्मिथ या संशोधकांनी मुलांच्या बेसबॉल प्रशिक्षकांना काही तासांचं प्रशिक्षण दिलं: चांगल्या खेळाला आणि प्रयत्नांना दाद द्या, चूक झाली तर न ओरडता ती कशी सुधारायची ते दाखवा. पुढच्या हंगामात या प्रशिक्षकांकडची सुमारे ५ टक्के मुलं खेळ सोडून गेली. इतरांकडची २६ टक्के. सामने मात्र दोन्हीकडच्या संघांनी साधारण सारखेच जिंकले होते.