कुंडीतल्या कोरफडीवरचे पिठ्या ढेकूण

कोरफड, जेड, पानफुटी, अडेनियम, निवडुंग ही मांसल झाडे परभणीच्या हवेत फारशी देखभाल न करताही तग धरतात. उन्हाळ्यात पारा ४० अंशांच्या वर गेला तरी पानाखोडात साठवलेल्या पाण्यावर ती दिवस काढतात. किडींना नेमका तोच साठवलेला रस हवा असतो. त्यातही सर्वांत जास्त नुकसान करतो तो पिठ्या ढेकूण.

पिठ्या ढेकणाची मादी दोन-चार मिलिमीटर लांब, मऊ आणि अंगावर पांढऱ्या मेणाची पूड असलेली असते. तिला पंख नसतात. पानाच्या बेचक्यात, दोन पाने जिथे एकमेकांना चिकटतात तिथे ती सोंड खुपसून बसते. अनेक जाती कापसासारख्या पिशवीत शेकडो अंडी घालतात. हा कापूस पाहून पुष्कळांना बुरशी वाटते आणि बुरशीनाशक फवारले जाते, त्याचा काडीचाही उपयोग होत नाही. टाचणीने कापूस थोडा उकरावा. आत पिवळसर-गुलाबी कण हलताना दिसले, तर ती कीडच. फड्या निवडुंगावरचा कापूस चिरडल्यावर गडद लाल रंग निघाला, तर तो कोचिनियल हा वेगळा कीटक असतो. माजलेला निवडुंग आटोक्यात आणण्यासाठी या कोचिनियलचीच एक जात १९२६ साली श्रीलंकेतून दक्षिण भारतात मुद्दाम आणली होती.

कीड दिसण्याआधी बहुधा मुंग्या दिसतात. ढेकूण चिकट गोड स्राव सोडतात. मुंग्या तो खातात आणि त्या बदल्यात ढेकणांच्या शत्रूंना हुसकावून लावतात. स्रावावर पुढे काळी काजळी धरते. म्हणून जेडच्या खोडावर मुंग्यांची ये-जा सुरू झाली की पाने बाजूला करून पाहावे. मराठवाड्यात आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. २००५ नंतर भारतभर कपाशीवर आलेला फिनाकोकस सोलेनोप्सिस हा पिठ्या ढेकूण जास्वंदीवर आणि गाजर गवतावरही वाढतो. त्याची पिले वाऱ्याबरोबर आणि कपड्यांना चिकटून दूर जातात. गच्चीलगत गाजर गवत माजू दिले, तर कुंडी कितीही पुसली तरी कीड पुन्हा येते.

उपाय हातानेच सुरू करावा. कीड लागलेली कुंडी आधी इतरांपासून दूर ठेवावी. औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या स्पिरिटमध्ये कापसाचा बोळा बुडवून एकेक ढेकूण टिपावा. स्पिरिटने मेण विरघळते आणि कीड जागीच मरते. अंडी मात्र सगळी मरत नाहीत. उष्ण दिवसांत अंड्यापासून प्रौढ होईपर्यंत साधारण महिना लागतो, म्हणून दर आठवड्याला, तीन-चार वेळा हेच करावे लागते. एकदा पुसून थांबले की मेहनत वाया जाते. झाड मोठे असेल तर निंबोळी अर्क बरा. ५० ग्रॅम निंबोळी पूड एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवावी, फडक्यातून गाळावी, दोन ग्रॅम साबणाचा चुरा मिसळावा आणि ऊन कलल्यावर फवारावी. ज्या पानांवर निसर्गतः निळसर-पांढरी झाक असते, त्यांवर साबण किंवा तेल वापरू नये. ती झाक त्या पानांचे ऊन-संरक्षण आहे आणि पुसली की त्याच पानावर ती पुरती परत येत नाही.

झाड खुंटले, पण पानांवर काहीच दिसत नाही, तेव्हा कुंडी उपडी करावी. मुळांना पांढरी भुकटी चिकटलेली असेल तर मुळांवरचे ढेकूण आहेत. जुनी माती फेकून द्यावी, मुळे धुवावीत, सडलेली कापावीत, दोन-तीन दिवस सावलीत सुकवून नव्या मिश्रणात लावावे आणि आठवडाभर पाणी देऊ नये. नुसती काळी माती येथे कामाची नाही, ती पाणी धरून ठेवते. निम्म्याहून अधिक जाड वाळू किंवा विटांचा चुरा हवा.

खवले कीड पानावर तपकिरी टिपक्यासारखी घट्ट बसते. नखाने निघाली तर खवले, न निघाली तर डाग. दातांच्या जुन्या ब्रशने ती खरवडता येते. अडेनियमवर पिवळा मावा येतो, तो पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने जातो.

लाल कोळी मात्र परभणीच्या उन्हाळ्याचा खास शत्रू. हा कीटक नव्हे, आठ पायांचा जीव आहे. कोरड्या, तापलेल्या हवेत तो झपाट्याने वाढतो. पानावर फिकट ठिपके, मग तपकिरी खरखरीत डाग आणि शेवटी बारीक जाळे दिसते. पांढऱ्या कागदावर फांदी झटकली की हलणारे ठिपके दिसतात. कोळीनाशक म्हणून गंधक प्रसिद्ध आहे, पण कडक उन्हात गंधकाने पाने भाजतात, तेव्हा एप्रिल-मेमध्ये ते टाळावे. सकाळी पानांच्या दोन्ही बाजू पाण्याने धुणे आणि दुपारी कुंडी सावलीत नेणे हेच खात्रीचे.

मित्रकीटकही ओळखायला हवेत. क्रिप्टोलेमस या भुंगेऱ्याची अळी पांढऱ्या मेणाने झाकलेली, अगदी पिठ्या ढेकणासारखीच दिसते. ती आकाराने मोठी असते, भराभर चालते आणि ढेकूणच खाते. तपकिरी, टणक झालेले ढेकूण दिसले तर तेही खरवडू नयेत. एनासियस नावाच्या छोट्या परजीवी माशीची पिले त्यांच्या आत वाढत असतात आणि कपाशीवरचा ढेकूण आटोक्यात येण्यात या माशीचा मोठा वाटा आहे.

कीड ओळखता येत नसेल, तर कीड लागलेले पान पिशवीत बंद करून परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठातील कीटकशास्त्र विभागात दाखवावे. शेतासाठी आणलेल्या औषधाच्या बाटलीतले उरलेसुरले घरच्या कुंडीत ओतू नये. आंतरप्रवाही कीटकनाशक झाडाच्या रसात भिनते आणि बरेच दिवस तिथेच राहते. अशा कोरफडीचा गर चेहऱ्याला लावू नये आणि पोटातही घेऊ नये.