कांजिण्या व त्यांचा प्रतिबंध

थंडी ओसरून अकोल्यास ऊन तापूं लागलें, कीं शाळेंतून परतलेल्या एखाद्या मुलाच्या अंगांत कणकण भरते व दुसऱ्या दिवशीं छातीपाठीवर पुरळ दिसतें. वऱ्हाडांतील आजी मातामायेचें नांव घेऊन दाराला कडुलिंबाचा डहाळा बांधते. परंतु त्याच घरांत बाळंतपणासाठीं माहेरीं आलेली मुलगी असेल, तर पहिला प्रश्न निराळा असतो : तिला पूर्वीं कांजिण्या येऊन गेल्या आहेत काय ?

आजीची भीति एके काळीं अनाठायीं नव्हती. देवीचे फोड चेहऱ्यावर व हातापायांवर दाट उठत आणि एकदमच पिकत. कांजिण्या धडावर अधिक असतात. त्यांत नवे ठिपके, पाणीदार फोड व खपल्या एकाच वेळीं दिसतात. १४ जून १८०२ रोजीं मुंबईंत ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीस हिंदुस्थानांतील पहिली देवीची लस टोंचण्यांत आली. १९७५ नंतर भारतांत देवीचा रोगी आढळला नाहीं. कांजिण्या मात्र राहिल्या, कारण त्यांचा विषाणु निराळा आहे.

हा विषाणु श्वासांतून व फोडांतील पाण्यांतून पसरतो. संसर्गानंतर दहा ते एकवीस दिवसांनीं रोग प्रकट होतो. पुरळ उठण्याच्या एक-दोन दिवस आधींपासून सर्व फोडांवर खपल्या धरेपर्यंत तो दुसऱ्यास लागूं शकतो. म्हणूनच पुरळ दिसल्यावर मुलास वेगळें ठेवणें अवश्य असलें, तरी पुरेसें नव्हे.

सुदृढ मूल सहसा आठवड्याभरांत सावरतें. त्याचीं नखें कापावींत, सैल सुती कपडे घालावे. ॲस्पिरिन देऊं नये, त्यानें मेंदूस व यकृतास अपाय होण्याचा धोका असतो. गर्भवती, नवजात अर्भक व प्रौढ यांना मात्र हा रोग जड जातो. कधीं न्यूमोनियाही होतो. गर्भवती स्त्री अशा रोग्याच्या सहवासांत आली असल्यास फोडांची वाट न पाहतां त्याच दिवशीं डॉक्टरांस कळवावें. रक्त तपासून तिची प्रतिकारशक्ति समजते व वेळीं इलाज करतां येतो.

खरा प्रतिबंध लशीचा. जपानांतील डॉ. मिचिआकी ताकाहाशी यांनीं ती १९७४ मध्यें सिद्ध केली. मुलांस पहिली मात्रा पंधराव्या महिन्यानंतर व दुसरी पुढें डॉक्टरांच्या सल्ल्यानें देतात. या लशींत दुर्बल केलेला जिवंत विषाणु असल्यामुळें ती गर्भवतीस देत नाहींत. गर्भधारणेच्या निदान एक महिना आधीं ती पुरी व्हावी लागते. तेव्हां मुलीच्या लग्नाची यादी करतांना दागिन्यांच्या शेजारीं या दोन टोंचण्यांचीही नोंद असावी.