मानदुखीवर शेक की व्यायाम?

भिवंडीतल्या निजामपुऱ्यात यंत्रमागांचा खडखडाट बाहेर, पण कापडाचं बरंच काम बायका घरातच, जमिनीवर बसून करतात. धागे कापणं, शिलाई, घड्या. शिवाय भाजी निवडणं आहेच, आणि रात्री मोबाइल. डोकं साधारण 4.5 ते 5 किलोचं. ते पुढे झुकलं की सगळा भार मानेच्या मागच्या स्नायूंवर येतो. हळूहळू छातीचे स्नायू आखडतात, पाठीचे कमजोर होतात, खांदे पुढे येतात.

बाम आणि शेक यांनी तेवढ्यापुरतं बरं वाटतं, गुण येतो तो व्यायामाने. फिनलंडमध्ये जुनी मानदुखी असलेल्या 180 कार्यालयीन महिलांवरचा अभ्यास 2003 साली प्रसिद्ध झाला. वर्षभर मान-खांद्यांच्या बळकटीचे व्यायाम करणाऱ्यांपैकी 73 टक्के जणींना चांगला आराम पडला. फक्त ताण देणारे व्यायाम आणि चालणं वगैरे सांगितलेल्या गटात हे प्रमाण 21 टक्केच होतं.

सुरुवात अशी करा. भिंतीला पाठ टेकून बसा, नजर समोर. मान न वाकवता हनुवटी सरळ मागे घ्या. हनुवटीखाली वळी पडली (फोटोत नको वाटते तीच!) तर बरोबर. 5 सेकंद थांबा, 10 वेळा करा. मग खांद्यांची पाती एकमेकांकडे ओढा. खांदे कानांकडे चढू देऊ नका, बहुतेकींचं इथेच चुकतं.

हाताला मुंग्या येणं, पकड सुटणं, चालताना तोल जाणं किंवा पडल्यानंतर मान दुखणं यांपैकी काही असेल, तर व्यायाम थांबवून आधी डॉक्टरांना दाखवा.