शंका विचारणारी वस्ती अडाणी नसते

२०२२ च्या अखेरीस गोवंडी-मानखुर्द पट्ट्यात गोवराची साथ आली, मुले दगावली आणि बाहेरच्यांनी निकाल देऊन टाकला : ही वस्तीच अडाणी, लस घेत नाही. कोरोनाकाळात नियमित लसीकरण विस्कळीत झाले होते, हे कारण मागे पडले. आम्ही लसीच्या बाजूचे आहोत. गोवराची लस मुलांना मिळालीच पाहिजे. परंतु सुई कुणाच्या संमतीने टोचली, हे विचारणे म्हणजे अडाणीपणा नव्हे.

खम्मम आठवा. २००९ साली तेव्हाच्या आंध्र प्रदेशातील या जिल्ह्यात १० ते १४ वर्षांच्या सुमारे १४ हजार मुलींना 'पाथ' या अमेरिकी संस्थेच्या प्रकल्पात गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरील एचपीव्ही लस देण्यात आली. त्यांत आश्रमशाळांतल्या आदिवासी मुली होत्या. आंध्र व गुजरात मिळून सात मुलींचे मृत्यू झाले आणि एप्रिल २०१० मध्ये प्रकल्प थांबला. चौकशीत मृत्यूंचा लसीशी संबंध आढळला नाही. सर्पदंश, बुडणे अशी कारणे निघाली. हे मान्य. पण संसदीय समितीच्या २०१३ च्या अहवालातले आकडे वकील म्हणून आम्हाला अधिक झोंबतात. आंध्रातील ९,५४३ संमतीपत्रांपैकी २,७६३ वर वसतिगृहाच्या वॉर्डनच्या सह्या, १,९४८ वर नुसते अंगठे! वॉर्डन हा आईबाप कधीपासून झाला? गंभीर दुष्परिणाम नोंदवणारी सक्षम यंत्रणाही नव्हती.

लस चांगली असली तरी तेवढ्याने भागत नाही. गोचिडीच्या चाव्यातून होणाऱ्या लाइम रोगावरील 'लाइमरिक्स' लस अमेरिकेत १९९८ साली मंजूर झाली. सांधेदुखीच्या तक्रारी आल्या, खटले गुदरले गेले. लसीचा दोष सिद्ध झाला नाही, तरी मागणी कोसळली आणि २००२ मध्ये कंपनीने ती बाजारातून काढली. शंका तिकडच्या सुशिक्षितांना आली की ते जागरूक ग्राहक, मानखुर्दला आली की अडाणी!

२०१९ च्या नवीन औषधे व चाचणी नियमांनी सहभागी व्यक्तीला समजेल त्या भाषेत माहिती, केव्हाही बाहेर पडण्याची मुभा, चाचणीमुळे इजा झाल्यास उपचार व भरपाई हे हक्क दिले आहेत. वस्तीतल्या कार्यकर्त्यांनी नियमित लसीकरण आणि चाचणी यांतला फरक घरोघरी सांगावा. गोवराच्या डोससाठी बाळाला आरोग्य केंद्रात न्यावे, कार्ड जपावे. मात्र कुणी 'अभ्यासा'साठी सही मागितली, तर संमतीपत्राची प्रत हातात घ्यावी, त्यावर नैतिकता समितीचा संपर्क आहे का ते पाहावे, आणि वाचता येत नसेल तर त्रयस्थ साक्षीदाराशिवाय अंगठा देऊ नये.